छोट्या शहराच्या बाजारपेठेत सशुल्क पार्किंग आणि रहिवासी परवाने कसे सुरू करावेत

छोट्या शहरात पार्किंगला पैसे लावण्याचा विषय निघाला की त्यावरची चर्चा बहुधा दरापासून सुरू होते आणि दरावरच मोडते. दुकानदारांना गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती वाटते, रहिवाशांना स्वतःच्या दारापुढे गाडी लावण्यासाठी पैसे मोजावे लागतील असे वाटते, आणि नगरपालिकेने उत्पन्नाचे नवे साधन शोधले आहे अशी शंका सगळ्यांनाच येते. ही शंका दूर करायची असेल तर प्रशासनाने पहिल्या दिवसापासून एक गोष्ट स्वतःशी पक्की केली पाहिजे आणि ती कागदावरही आणली पाहिजे. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर एकदोन जागा कायम रिकाम्या मिळाव्यात, म्हणजे येणाऱ्याला चकरा माराव्या लागू नयेत, हा या शुल्काचा हेतू आहे. जो दर हे साधतो तो योग्य दर. तिजोरीत किती भर पडली, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

हा विचार नवा नाही. जगातले पहिले पार्किंग मीटर, म्हणजे पैसे टाकून ठरावीक वेळेपुरती जागा देणारे यंत्र, 16 जुलै 1935 रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे बसले, तेव्हा तिथली तक्रार आजच्यासारखीच होती : बाजारात काम करणारे लोक सकाळी येऊन गाड्या लावत आणि संध्याकाळीच काढत, त्यामुळे खरेदीला येणाऱ्यांना जागाच उरत नसे. कार्ल मॅगी या वृत्तपत्र संपादकांनी मीटरची कल्पना मांडली ती ही अडवणूक सोडवण्यासाठी. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी याच विचाराला मोजमापाची जोड दिली आणि सुमारे 85 टक्के जागा भरलेल्या व उरलेल्या मोकळ्या अशी स्थिती राखणारा दर ठेवावा, असे सुचवले. हा आकडा काटेकोर पाळण्याची गरज नाही, परंतु दिशा दाखवण्यास तो पुरेसा आहे.

आधी मोजणी

दर, यंत्रे, फलक या सगळ्यांच्या आधी मोजणी झाली पाहिजे, आणि या टप्प्यावर घाई करणाऱ्या शहरांना पुढे प्रत्येक सभेत अंदाजाला अंदाजाने उत्तर देत बसावे लागते. मोजणीला महागडी साधने लागत नाहीत. बाजारपेठेतील आणि तिच्याभोवती पाच-सात मिनिटांच्या चालीवर असलेल्या सर्व गल्ल्यांतील जागांचा नकाशा करावा, प्रत्येक जागेला क्रमांक द्यावा, आणि ठरावीक मार्गाने दर तासाला एक फेरी मारून कोणत्या जागेवर कोणती गाडी आहे याची नोंद घ्यावी. गाडीचा पूर्ण नंबर लिहिण्याची आवश्यकता नसते. शेवटचे तीन-चार अंक पुरतात, आणि लोकांच्या हालचालींची अनावश्यक नोंद पालिकेकडे साठत नाही. एक कामाचा वार, एक आठवडी बाजाराचा किंवा सर्वाधिक गर्दीचा वार आणि एक सुट्टीचा दिवस एवढे तरी घ्यावेत. निवासी गल्ल्यांसाठी यात एक फेरी मध्यरात्रीनंतरची जोडणे अत्यावश्यक आहे, कारण रहिवाशांच्या स्वतःच्या किती गाड्या रस्त्यावर असतात हे त्या वेळीच दिसते, आणि रहिवाशांना आपल्या भागात गाडी लावण्यासाठी द्यायच्या परवान्यांचा सगळा हिशोब पुढे याच आकड्यावर उभा राहतो.

या नोंदींतून काय हाती लागते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका रस्त्यावर 40 जागा आहेत आणि दिवसभरात 10 फेऱ्या झाल्या, म्हणजे एकूण 400 निरीक्षणे झाली. त्यांपैकी 372 वेळा जागा भरलेली आढळली, तर सरासरी भरणा 93 टक्के झाला. म्हणजे नव्याने येणाऱ्याला जागा जवळजवळ मिळतच नाही. आता त्याच नोंदींत 14 गाड्या प्रत्येकी 9 फेऱ्यांत त्याच जागेवर दिसल्या असतील, तर या 14 गाड्यांनी 126 निरीक्षणे, म्हणजे भरलेल्या वेळेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग व्यापला. एक गिऱ्हाईक साधारण तासभर थांबते असे धरले तर तेवढ्याच वेळात शंभराहून अधिक गिऱ्हाइकांच्या गाड्या तिथे लागू शकल्या असत्या. सभेत हा तक्ता ठेवला की चर्चेचा सूर बदलतो, कारण त्या चौदांपैकी बऱ्याच गाड्या दुकानांचे मालक आणि नोकर यांच्याच असण्याचा संभव मोठा असतो. यात कोणाला अपराधी ठरवायचे नाही. जागा फुकट आणि दारात असेल तर कोणीही तीच निवडेल.

मोजणीबरोबर गिऱ्हाइकांची विचारपूसही करावी. दुकानांच्या दाराशी उभे राहून येणाऱ्यांना ते कसे आले एवढेच विचारले तरी पुरे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात अशी पाहणी झाली तेव्हा आपली 41 टक्के गिऱ्हाइके मोटारीने येतात असा दुकानदारांचा अंदाज होता. प्रत्यक्षात हे प्रमाण 22 टक्के निघाले. प्रत्येक शहरात असेच होईल असे नाही, म्हणूनच आपल्याकडचा आकडा आपणच काढायला हवा.

मोजणीत बाजारपेठ दिवसभर साठ-सत्तर टक्केच भरते असे दिसले, तर सशुल्क पार्किंग आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे ठळक पट्टे मारणे, वेळमर्यादेचे फलक लावणे आणि दिवसभर थांबणाऱ्या गाड्यांसाठी थोड्या लांबवर जागा करून देणे, एवढ्याने काम भागते.

अधिकार, ठराव आणि पैशांचे खाते

पार्किंगचे शुल्क घेण्याचा, दंड आकारण्याचा आणि परवाने देण्याचा अधिकार पालिकेला कोणत्या कायद्याने व कोणत्या मर्यादेत मिळतो, हे विधी सल्लागाराकडून लेखी घ्यावे. दंडाचा अधिकार पोलिसांकडे आहे की पालिकेकडे, राज्यमार्ग शहरातून जात असेल तर त्याच्या कडेची जागा कोणाच्या ताब्यात आहे, उपविधीचा, म्हणजे पालिकेने स्वतः करायच्या नियमांचा, मसुदा हरकती व सूचनांसाठी किती दिवस खुला ठेवावा लागतो, हे प्रश्न आधी सुटले नाहीत तर पहिल्याच दंडाच्या पावतीवर वाद उभा राहतो.

हेतूचा प्रश्नही येथे कायद्याचा होऊ शकतो. लंडनमधील बार्नेट या पालिकेने 2011 मध्ये रहिवासी परवान्याचे वार्षिक शुल्क 40 पौंडांवरून 100 पौंडांवर नेले. त्यामागे रस्त्यांच्या इतर कामांसाठी जादा पैसा उभा करण्याचा विचार होता. एका रहिवाशाने न्यायालयात दाद मागितली, आणि 2013 मध्ये उच्च न्यायालयाने ती वाढ बेकायदेशीर ठरवली, कारण ज्या कायद्याखाली शुल्क घेतले जात होते तो वाहतूक नियमनाचा कायदा होता, कर उभारण्याचा नव्हे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असला तरी ठराव लिहिताना हे उदाहरण समोर ठेवावे, आणि मोजणीचे आकडे व रिकाम्या जागांचे उद्दिष्ट ठरावाच्या मजकुरातच घालावे.

जमा झालेला पैसा सर्वसाधारण निधीत मिसळला की लोकांच्या दृष्टीने तो नाहीसा होतो. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना शहराच्या जुन्या बाजारपेठेत 1993 मध्ये मीटर बसले, ते तिथल्या व्यापाऱ्यांच्या संमतीने. मीटरचे उत्पन्न त्याच भागातील पदपथ, दिवे, झाडे आणि स्वच्छता यांवर खर्च होईल, असे आश्वासन शहराने दिले आणि पाळले. छोट्या शहराने हाच मार्ग धरावा : वेगळे खाते, वर्षातून दोनदा जाहीर होणारा जमाखर्च, आणि प्राधान्याची कामे ठरवताना त्या भागातील दुकानदार व रहिवासी यांचा सहभाग. मात्र पहिल्या वर्षी शिल्लक फारशी राहील अशी अपेक्षा ठेवू नये आणि तशी आश्वासनेही देऊ नयेत. यंत्रे, फलक, पट्टे, देखभाल आणि माणसांचे पगार यांतच बराचसा पैसा जातो.

वसुलीचे काम ठेकेदाराला देण्याचा मोह होतो, आणि मनुष्यबळ नसलेल्या पालिकेला ते कधी अपरिहार्यही असते. तरीही दर, वेळा आणि हद्द ठरवण्याचा अधिकार ठेक्यात जाऊ देऊ नये, आणि मुदत छोटी ठेवावी. शिकागो शहराने 2008 मध्ये आपली सुमारे 36,000 मीटर 75 वर्षांसाठी एका खासगी कंपनीला सुमारे 115 कोटी डॉलरना भाडेपट्ट्याने दिली. त्यानंतर एखादा रस्ता जत्रेसाठी बंद ठेवायचा किंवा त्यावर सायकलमार्ग काढायचा म्हटले, तरी गमावलेल्या उत्पन्नाचा हिशोब आड येऊ लागला. ठेकेदाराला ठरावीक सेवाशुल्क द्यावे. पावत्यांच्या किंवा दंडाच्या संख्येवर त्याचा मोबदला बांधू नये.

रहिवासी परवाने : हे काम शुल्काबरोबरच

सर्वांत जास्त चुका या भागात होतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. बाजारपेठेत सोमवारी शुल्क सुरू झाले तर मंगळवारी सकाळी दिवसभराच्या गाड्या मागच्या गल्ल्यांत दिसतात. परवान्यांचे नंतर पाहू असे म्हणणाऱ्या पालिकेविरुद्ध महिन्याभरात दोन आघाड्या उघडतात, एक दुकानदारांची आणि दुसरी रहिवाशांची. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच दिवशी अमलात आल्या पाहिजेत.

त्याच गल्लीत राहणाऱ्यांना प्राधान्य आणि बाहेरच्यांना मनाई हा भेदभाव नाही का, असा प्रश्न सभेत येतोच. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या आर्लिंग्टन काउंटीतील लोकवस्तीत जवळच्या कार्यालयांत जाणारे लोक गाड्या लावत असत. तिथे परवाना पद्धत आली तेव्हा हाच आक्षेप थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गर्दी, आवाज व प्रदूषण कमी करणे आणि वस्तीचे स्वास्थ्य राखणे हे पालिकेचे रास्त हेतू आहेत व परवाना पद्धत त्यांच्याशी सुसंगत आहे, असे न्यायालयाने 1977 मध्ये म्हटले. तरीसुद्धा रस्ता सार्वजनिक आहे ही जाणीव परवान्याच्या रचनेत दिसावी. दिवसा अनेक रहिवासी गाडी घेऊन कामाला जातात, त्या वेळी गल्ली निम्मी रिकामी असते. म्हणून परवानाधारकाने विनाशुल्क आणि इतरांनी शुल्क भरून वापरावी अशी मिश्र जागा बहुतेक गल्ल्यांना योग्य ठरते. केवळ रहिवाशांसाठी राखीव जागा जिथे रात्रीच्या मोजणीत खरी ओढाताण दिसली, तिथेच ठेवाव्यात.

परवाने किती द्यावेत याचे उत्तर रात्रीच्या फेरीत असते. गल्लीत 120 जागा आणि रात्री रहिवाशांच्या 100 गाड्या असतील, तर अडचण नाही. जागा 80 आणि गाड्या 110 असतील, तर मागेल त्याला परवाना देणे म्हणजे तीस लोकांकडून पैसे घेऊन त्यांच्या हाती काहीच न देणे होय. अशा ठिकाणी घरटी पहिला परवाना माफक दरात, दुसरा त्याच्या कितीतरी पट दराने आणि तिसरा मुळीच नाही, अशी पायरी ठेवावी. ज्यांच्या घराला स्वतःचे वाहनतळ किंवा गॅरेज आहे त्यांचा पहिला परवानाही दुसऱ्या परवान्याच्या दराने मोजावा. आणि तरीही मागणी उरली तर प्रतीक्षायादी उघडपणे लावावी. सगळ्या गाड्या एकाच वेळी घरी नसतात, त्यामुळे जागांपेक्षा परवाने थोडे जास्त असले तरी चालते, परंतु हे जास्तीचे प्रमाण मोजणीवरून ठरावे, नगरसेवकांच्या आग्रहावरून नव्हे. परवाना म्हणजे विशिष्ट जागेची हमी नव्हे, हे वाक्य अर्जावर ठळक छापावे.

परवान्याच्या क्षेत्राचा आकारही विचारपूर्वक ठरवावा. संपूर्ण शहराचे एकच क्षेत्र केले तर लांबच्या आळीतील रहिवासी आपल्या परवान्यावर बाजाराच्या पाठीमागे गाडी लावून खरेदीला जातो, आणि परवाना हा फुकट पार्किंगचा पास होऊन बसतो. उलट एकेका गल्लीचे क्षेत्र केले तर एक गल्ली भरून वाहते आणि शेजारची ओस पडते. चार-सहा लगतच्या गल्ल्यांचे, पाच मिनिटांत पायी ओलांडता येईल एवढे क्षेत्र सोयीचे असते. दुकानांच्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना बाजाराच्या मुख्य रस्त्यावर दिवसा परवाना चालू न ठेवता मागच्या क्षेत्रात सामावून घ्यावे. संध्याकाळी शुल्काची वेळ संपल्यावर त्यांना दारापुढची जागा खुली असतेच.

अर्जासाठी राहण्याचा एक पुरावा आणि त्याच पत्त्यावरील वाहन नोंदणी एवढीच कागदपत्रे मागावीत, पण अपवादांचा विचार आधी करावा. भाडेकरूच्या नावावर वीजबिल नसते, त्यामुळे भाडेकरार ग्राह्य धरावा. कंपनीची गाडी वापरणाऱ्यास कंपनीचे पत्र मागावे. गाडी दुरुस्तीला गेली की काही दिवसांसाठी दुसऱ्या गाडीचा नंबर नोंदवण्याची सोय हवी. पाहुण्यांसाठी प्रत्येक घराला वर्षाकाठी ठरावीक संख्येने दिवसाचे पास द्यावेत. आजारी किंवा वृद्ध माणसाच्या शुश्रूषेसाठी रोज येणाऱ्यांचा परवाना मात्र वेगळा आणि विनाशुल्क असावा, कारण तो नसेल तर या योजनेचा भार सर्वांत दुबळ्या माणसावर पडतो, आणि असा माणूस तक्रार करायला सभेत येऊ शकत नाही. परवाना गाडीच्या नंबराशी जोडलेला असावा, म्हणजे त्याची खरेदी-विक्री होत नाही. घर सोडताच तो संपावा आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण व्हावे.

दुकानांतील नोकरवर्गाची सोयही याच टप्प्यावर व्हायला हवी. बाजारापासून थोड्या अंतरावरच्या वाहनतळावर स्वस्त मासिक पास, तिथपर्यंत उजेड असलेला पदपथ, आणि रात्री उशिरा सुटणाऱ्यांसाठी संध्याकाळनंतर जवळ गाडी आणण्याची मुभा, एवढे केले तर दिवसभराच्या गाड्या आपणहून बाहेर सरकतात.

दर, वेळा आणि पैसे भरण्याची पद्धत

सुरुवातीचा दर हा एक अंदाजच असतो, म्हणून तो कमी ठेवावा आणि बदलण्याचा नियम आधीच जाहीर करावा. सॅन फ्रान्सिस्कोने 2011 पासून आपल्या प्रयोगात दर याच रीतीने बदलले : जागा फार भरल्या तर दर थोडा वर, रिकाम्या राहिल्या तर थोडा खाली, आणि प्रत्येक बदल छोटा. प्रयोगाच्या भागात मीटरचा सरासरी दर अखेरीस किंचित उतरला, ही गोष्ट दुकानदारांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. छोट्या शहरात दोनच दर पुरतात, मुख्य रस्त्याचा एक आणि आडरस्त्यांचा त्याहून कमी. तिसरा दर आणला की फलक वाचता वाचता माणूस गोंधळतो.

शुल्काच्या वेळा मोजणीत गर्दी दिसली तेवढ्याच ठेवाव्यात. पहाटे किंवा रात्री रस्ता मोकळा असताना पैसे घेतले तर ती केवळ वसुली ठरते. पहिली पंधरा-वीस मिनिटे मोफत ठेवण्याची मागणी जवळजवळ नक्की येते. औषध घेऊन जाणाऱ्यासाठी ती न्याय्यही आहे, परंतु त्यासाठीही गाडीचा नंबर नोंदवून पावती घ्यावी लागेल असे ठरवावे, नाहीतर मोफत वेळ कधी सुरू झाली हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. अपंगांच्या राखीव जागा बाजाराच्या प्रवेशाशी आणि रुंद असाव्यात, आणि माल उतरवण्याच्या जागा सकाळच्या ठरावीक वेळेत राखीव ठेवून नंतर सर्वांसाठी खुल्या कराव्यात.

पैसे मोबाइलवरून भरता यावेत, पण तेवढाच मार्ग नसावा. प्रत्येक रस्त्यावर निदान एक यंत्र नाणी व कार्ड घेणारे असावे, किंवा जवळच्या दुकानातून पावती मिळण्याची व्यवस्था असावी. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला बाजारात येणेच नकोसे व्हावे, असे होता कामा नये.

अंमलबजावणी

दंडाच्या रकमेपेक्षा तपासणीचा नेम जास्त परिणाम करतो. आठवड्यातून एकदा मोठा दंड बसण्यापेक्षा रोज दोन फेऱ्या होऊन माफक दंड बसला, तर लोक नियम पाळतात आणि कोणाला वेचून धरल्याची भावनाही होत नाही. पहिले तीन-चार आठवडे केवळ सूचनापत्र लावावे, ज्यावर नियम, दर आणि परवान्याच्या अर्जाची जागा लिहिलेली असेल. वेळ संपल्यानंतर दहा मिनिटांची सवलत ठेवावी. इंग्लंडमध्ये 2015 पासून पालिकांच्या पार्किंगला ती कायद्यानेच बंधनकारक आहे.

टायरवर खडूची खूण करून वेळ मोजण्याची जुनी रीतही निर्धास्तपणे वापरण्याजोगी राहिलेली नाही. मिशिगन राज्यातील सॅगिनॉ शहराविरुद्धच्या दाव्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने 2019 मध्ये ही खूण म्हणजे घटनेच्या अर्थाने झडतीच होय, असे म्हटले. त्यापेक्षा हातातल्या यंत्रावर नंबर तपासणे सरळ आहे. मात्र ज्या गाडीची पावती बरोबर आहे तिची नोंद त्याच दिवशी पुसली जावी, आणि हा नियम उपविधीत असावा. दंडाविरुद्धचे अपील पावती देणाऱ्याकडे न जाता दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जावे व त्याचा निकाल कारणांसह लेखी मिळावा.

फेरमोजणी

तीन महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने, त्याच वारी, त्याच मार्गाने फेऱ्या माराव्यात. मुख्य रस्ता अजूनही गच्च भरत असेल तर तिथला दर एक पायरी वर न्यावा. तो निम्मा रिकामा पडला असेल तर दर उतरवावा, आणि तो उतरवताना चढवण्याइतकीच तत्परता दाखवावी. परवाना क्षेत्राच्या सीमेबाहेरील पहिल्या दोन-तीन गल्ल्या या फेरीत जरूर घ्याव्यात, कारण गाड्या आता तिथे सरकलेल्या असतात. त्या भरू लागल्या असतील तर तिथल्या रहिवाशांपुढे आकडे ठेवून त्यांना क्षेत्रात यायचे आहे का, हे घरोघर विचारावे, आणि बहुसंख्य घरांनी होकार दिला तरच हद्द वाढवावी.